पुरे कर आता

गुरुजी नेहमीचं वाक्य म्हणाले, "तिकडे लढणाऱ्या आमच्या मुलांना बळ दे," आणि सगळं प्रार्थनाघर एका आवाजात म्हणालं, "दे." त्यानंतर क्षणभर जो शांतपणा पडतो, ज्यात लोक खोकून घेतात, पिशव्या सावरतात, तेवढ्यात एका बाईचा आवाज आला, "पुरे कर आता." आवाज फार मोठा नव्हता. आतल्या खोलीत दंगा करणाऱ्या पोराला हातातलं काम न सोडता दटावावं तसा, थकलेला आणि घरगुती. पुढच्या बाकावरच्या दोन-तीन माना वळल्या, मग आणखी काही, आणि त्या सगळ्या आपल्याकडेच बघताहेत हे लक्षात आल्यावर तिला कळलं की आवाज आपला होता. शेजारी बसलेल्या नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याचा गुडघा तिच्या गुडघ्याला टेकला होता, तो त्याने हळूच बाजूला घेतला. गुरुजींचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं. मग त्यांनी आजाऱ्यांसाठीचं, प्रवासात असलेल्यांसाठीचं, अशी उरलेली वाक्यं भराभर उरकली आणि लोक नेहमीपेक्षा मोठ्याने "दे, दे" म्हणत राहिले. जणू मघाशी काही ऐकलंच नाही हे सगळ्यांना एकमेकांना पटवून द्यायचं होतं.

घरी येताना तो तिच्या चार पावलं पुढे चालत होता. जिन्यात पहिल्या वळणावर मात्र थांबला. "काय झालं होतं तुला?"

"मी देवाला म्हणाले."

"देवाला मनातलं ऐकू येतं. मनात म्हणायचंस."

"आलं तोंडातून."

"लंबू तिकडे आहे," तो अगदी हळू म्हणाला. वरच्या मजल्यावर कोणाचं तरी दार उघडं होतं. "त्याची आई असं बोलली हे तिकडे कोणाला कळलं, तर त्याला उचलून आघाडीच्या तुकडीत घालतील. कारणसुद्धा सांगणार नाहीत."

ती कुलूप उघडत होती. किल्ली आत जाईना. तिला वाटलं कुलूप बदललंय. मग पाहिलं तर आपलाच हात थरथरत होता. हे तिला धड पटेना, कारण हात थरथरणाऱ्या बायकांपैकी ती नव्हती. ती कानाच्या दवाखान्यात लोकांचं ऐकणं तपासायची. स्पंज लावलेल्या बंद खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन घालायचा, हातात बटण द्यायचं, आपण जाड काचेच्या बाहेर बसून अगदी बारीक बारीक आवाज सोडायचे आणि तो बटण केव्हा दाबतो ते पाहायचं. एवढ्या वर्षांत तिचा हात खटक्यावर कधी हलला नव्हता. नवराही कानाचाच. पाणीखात्यात होता, लोखंडी कांब रस्त्याला लावून, तिचं दुसरं टोक कानाशी धरून जमिनीखालची गळती शोधायचा. लंबू चेष्टेत म्हणायचा, आमच्याकडे आईबाबा दोघंही कानाचे, आणि दोघंही एकमेकांचं ऐकत नाहीत.

लंबू हे नाव त्याला शाळेत पडलं आणि घरातही राहिलं. जेवायच्या टेबलाखाली त्याचे पाय पलीकडे निघायचे. लढाई सुरू झाली तेव्हा तो रांगत होता. रेडिओवर पहिल्यांदा त्या देशाचं नाव आलं तेव्हा तिने नवऱ्याला विचारलं होतं, हा देश कुठे आला, आणि त्यालाही सांगता आलं नव्हतं. थंडीच्या आत संपेल, असं सगळे म्हणाले. थंडी गेली. मग लढाई बातम्यांच्या शेवटी गेली, हवामानाच्या जरा आधी. मधल्या काही वर्षांत तिला लढाईची आठवणही होत नसे; लंबूचे दात, लंबूचा गोवर, लंबूचं गणित. पाठ्यपुस्तकाच्या नकाशात त्याने तो देश रंगवला तेव्हा रंग रेषेबाहेर गेला म्हणून ती त्याला रागावली होती. आणि सगळ्यांची पोरं वयात आल्यावर जातात तसा एक दिवस तोही गेला. निघायच्या आधी त्याची मापं घेतली तेव्हा वर्दीच्या विजारी आखूड निघाल्या. तेव्हा सगळे हसले होते. तिलाही हसू आलं, आणि हसता हसताच मनात आलं की खंदक सगळ्यांसाठी एकाच मापाचे खणत असणार. त्या दिवसापासून भरल्या रस्त्यात, लिफ्टच्या रांगेत, कुठेही एखादं डोकं इतरांच्या वर दिसलं की ती जागीच थांबायची. खाली वाक, असं ओठांवर यायचं. ओळख ना पाळख, आणि खाली वाक.

सोमवारी दवाखान्यात सगळं जसंच्या तसं होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटली. नाव लिहिणारी मुलगी रोजच्यासारखी हसली, पण हसू लवकर आवरलं. मोठे डॉक्टर दारावरून जाताना थांबले, काही बोलणार असं वाटलं आणि नुसतं घड्याळ बघून पुढे गेले. बाहेरच्या बाकावर एक माणूस नंबर न घेता बसला होता. त्याने कोट काढला नव्हता. दुपारपर्यंत तो तिथेच होता. मग एक म्हातारी आली, "चला, झालं माझं," म्हणाली आणि त्याला घेऊन गेली. म्हणजे मुलगा असणार. तरी तिला चैन पडेना. त्याने म्हातारीचं निमित्त केलं असेल असंही तिला वाटून गेलं. आपण वेड्यासारखा विचार करतोय हे तिला दिसत होतं, पण दिसून काही उपयोग नव्हता. भीती म्हणजे अशी असते हे तिला माहीत नव्हतं. ती मोठ्याने येत नाही. ती सगळ्या नेहमीच्या गोष्टींच्या मागे जाऊन उभी राहते आणि मग कप, खुर्ची, फोन, कशाकडेही सरळ पाहता येत नाही.

संध्याकाळी बेकरीवाली आली. प्रार्थनाघरात ती खांबाजवळ बसते, तिचा भाऊ लढाईच्या पहिल्याच वर्षी गेला. कानात दडे बसलेत म्हणाली. तिने तिला खोलीत बसवलं, तशी बेकरीवालीने हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि हाताने तिला आत बोलावलं. "दार लाव. इथलं बाहेर जात नाही ना?"

"नाही जात."

"माझे कान ठणठणीत आहेत. बाई, ते तू म्हणालीस ना, ते माझ्या घशात इतकी वर्षं अडकलंय." तिच्या अंगाला भट्टीचा वास होता आणि त्या कोंदट खोलीत तो दाटून आला. "परत म्हण. पुढच्या खेपेला मी म्हणते तुझ्यामागून. आणखी तिघी-चौघी आहेत. नंतर आपण सगळ्या मिळून वर जाऊ, सरकारला सांगू, की देवाच्या घरातून आलोय, आमची पोरं परत आणा आणि त्यांच्या पोरांवरचं आग ओकणं थांबवा. देव एकट्या आपला आहे का? त्याला बाजू घ्यायला लावतोय आपण."

"माझा मुलगा तिकडे आहे," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. म्हणून तर तुझ्या बोलण्याला वजन आहे."

"वजन त्याच्या डोक्यावर पडेल."

बेकरीवालीने मांडीवरचा हेडफोन उचलून बाजूला ठेवला. त्या खोलीत दोन माणसं गप्प बसली की स्वतःचं रक्त ऐकू येतं. कानात कोणीतरी मोठं फडकं झटकत असावं तसं. ती म्हणाली, "मला नाही जमणार," आणि दार उघडलं.

गुरुजी आले ते दोन दिवसांनी, भर दुपारी, नवराही घरी होता तेव्हा. म्हणजे यानेच बोलावलं, हे तिने ओळखलं. त्यांना तिने कधी खुर्चीवर बसलेलं पाहिलं नव्हतं. ते लहान दिसत होते. नवऱ्याने सुरुवात केली, "ती दमलेली असते, गुरुजी. लंबूची काळजी. तोंडातून गेलं." गुरुजींनी मान हलवली, पाणी प्यायले, पेला दोन्ही हातांत धरून ठेवला. मग म्हणाले, "बाई, हे वाक्य मी म्हणायला लागलो तेव्हा माझे केस काळे होते. पहिल्यांदा वरून सांगून आलं, असं असं म्हणा. देवाकडे एकाच बाजूचं मागायची मला लाज वाटली. पुढे सवय झाली. तुम्ही बोललात आणि ती लाज पुन्हा वर आली. मला फार त्रास झाला."

"म्हणजे बोलू नये ना तिने?" नवरा म्हणाला.

"नका बोलू. मला भीती वाटते," गुरुजी सरळ म्हणाले. तिला आश्चर्य वाटलं. इतकी वर्षं ज्यांच्या तोंडून 'भिऊ नका' ऐकलं, तेच खिडकीकडे बघत हे म्हणत होते. उठताना ते दारात थांबले. "पण समजा बोललात, तर मी पुढचं म्हणणार नाही. थांबेन. तुमच्यासारखं मला बोलता यायचं नाही. थांबता येईल कदाचित."

ते गेल्यावर नवरा बराच वेळ जिन्याकडे बघत राहिला. "मी त्यांना तुला समजवायला बोलावलं होतं," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा इतका पडला होता की एरवी तिला हसू आलं असतं.

फोन आला तेव्हा दिवेलागण होत होती. खरखरीतून लंबूचा आवाज आला की ती आधी शब्द ऐकायचीच नाही, नुसता आवाज तपासायची. घसा बसलाय का, श्वास लागतोय का, तो उभा आहे की बसलेला. "आई, तू भर प्रार्थनेत काहीतरी बोललीस म्हणे."

"कोणी सांगितलं?"

"इथे सगळं पोचतं. पार्सल सोडून."

"रागावलास?"

मागे कोणीतरी ओरडलं, पत्रा वाजला. "एकाने विचारलं, तुझी आई आपल्या बाजूची की त्यांच्या? मी म्हटलं, तिची बाजू एकच, मी जेवलो का." तो हसला. मग हसणं गेलं आणि आवाज अगदी जवळ आला, तोंड फोनला लावल्यासारखा. "पण परत नको बोलूस, आई. इथलं मला आता कळतं. कुठून येतंय, किती लांब पडेल, कळतं. तिकडे तुमच्या दारात कोण येईल ते मला इथून दिसत नाही. मग रात्र जात नाही. नाही ना बोलणार?"

"नाही बोलणार," ती म्हणाली. "वाकून चालतोस ना?"

"सारखाच वाकलेलो असतो. परत येईन तेव्हा तुझ्याएवढा झालेला असेन."

तिने शब्द दिला होता, आणि शब्द दिल्यावर तिला बरं वाटायला हवं होतं. एक दिवस वाटलंही. दुसऱ्या दिवशी तिकडून परत पाठवलेला एक पोरगेला शिपाई तपासणीला आला. असे बरेच येत. त्यांना बारीक, उंच आवाज आधी ऐकू येईनासे होतात. पाखरं, लहान मुलं, शिट्टी. हाही तसाच. पण हा मध्येच, तिने काही सोडलेलं नसताना, बटण दाबत होता. तिने थांबून काचेबाहेरून माईकवर विचारलं, "काय ऐकू येतंय?" तो ओशाळला. ती आत गेल्यावर म्हणाला, "तसं काही नाही. कानात शिट्टी असते. आणि त्या शिट्टीच्या मागे ते."

"ते काय?"

"आमच्या समोर दरीपलीकडे गाव होतं. त्यांचं पण असं प्रार्थनाघर असावं. सकाळ-संध्याकाळ आवाज यायचा. एक म्हातारा काहीतरी म्हणायचा आणि बाकीचे एकदम एकच शब्द म्हणायचे. अर्थ कळायचा नाही. आम्ही त्याच्यावर घड्याळ लावायचो." तो हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत होता. "मग आमची कारवाई झाली. नंतर सकाळी सगळे आपोआप थांबलो, आता म्हणतील म्हणून. कोणी म्हणालं नाही." त्याने वर पाहिलं. "प्रार्थनेत मध्येच बोलल्या त्या तुम्हीच ना?"

"नाही," ती म्हणाली. "दुसरं कोणीतरी."

तो बरं म्हणाला. तिने त्याचा दुसरा कान तपासला. तो गेल्यावर ती त्याच्या जागी आत जाऊन बसली, दार लावून घेतलं, आणि तिला रडू येईल असं वाटलं होतं ते आलं नाही. नुसता घाम आला. आपण जे नाकारलं ते त्या शिपायापुढे नाही, असं तिला वाटत राहिलं. कोणापुढे, ते तिला बोलता आलं नसतं. लहानपणी आई सांगायची, देव सगळ्यांचं ऐकतो, आणि ती विचारायची, एकाच वेळी? आई म्हणायची, हो, एकाच वेळी. आज पहिल्यांदा तिला त्याची कणव आली. एकाच वेळी दोन्हीकडून, बळ दे, बळ दे, इतकी वर्षं. आणि कान मिटता येत नाहीत.

सुट्टीच्या दिवशी प्रार्थनाघर नेहमीपेक्षा भरलेलं होतं. मागच्या भिंतीला तीन-चार अनोळखी माणसं टेकून उभी होती. बसायला जागा असून बसली नव्हती. तिने ठरवलं होतं की बोलायचं नाही. शब्द दिलाय, संपलं. गुरुजींचं तोंड कोरडं पडलं होतं, ते तिला तिथून ऐकू येत होतं. "तिकडे लढणाऱ्या आमच्या मुलांना बळ दे."

"दे," सगळे म्हणाले. एकदम. एकच शब्द.

आणि तिला ते दरीपलीकडून ऐकू आलं. या भिंती नाहीत, मध्ये हवा आहे, समोरच्या उतारावर कोणी आडवं पडलंय आणि याच शब्दावर घड्याळ लावतंय, असं. आपण लंबूला मारतोय, असं तिच्या मनात स्पष्ट, शब्दांत आलं. तरी ती उभी राहिली. मागच्या खेपेला तोंडातून गेलं होतं; या खेपेला एकेक अक्षर तिने स्वतः उचलून बाहेर ठेवलं. "पुरे कर आता. आमच्यावरचं पण, त्यांच्यावरचं पण."

मग खांबाजवळून बेकरीवालीचा फाटका आवाज आला, "पुरे कर." आणखी कुठूनतरी एक, आणि एका म्हाताऱ्या माणसाचा, जो चुकून "दे" म्हणाला आणि मग सुधारून "पुरे कर" म्हणाला. "गप्प बसा!" कोणीतरी ओरडलं. "पोरं मरताहेत तिकडे, लाजा नाहीत!" तिच्या बाकावरची माणसं उठून दुसरीकडे गेली. नवरा उठला नाही. तो दोन्ही हात मांड्यांत घालून बसून राहिला, पांढराफटक, पण तिथेच. गुरुजींनी पुढचं वाक्य म्हटलं नाही. ते हळूच खाली पायरीवर बसले, एखाद्याला घेरी यावी तसे, आणि मागची माणसं मधल्या वाटेने पुढे येईपर्यंत बसूनच राहिले.

त्यांना त्या दिवशी कोणी मारलं नाही. गुरुजींना विचारपूस करून सोडलं आणि त्यांच्या जागी दुसरे आले. हे तरुण होते, वाक्य स्पष्ट म्हणायचे. मोठ्या डॉक्टरांनी तिला केबिनमध्ये बोलावून, तिच्याकडे न पाहता, काही दिवस विश्रांती घ्यायला सांगितलं. इथे शिपाई येतात, त्यांना बरं वाटत नाही, म्हणाले. एकदा दारावर काळा रंग फासलेला सापडला. नवऱ्याने तो खरवडून काढला आणि खरवडलेली जागा रंगापेक्षा जास्त दिसू लागली. लंबूचा फोन यायच्या दिवशी आला नाही. पुढच्या खेपेलाही आला नाही. मग कळलं की त्याची तुकडी हलली आहे. कुठे, ते सांगत नाहीत. का, ते तर नाहीच. तुकड्या हलतातच, नेहमी हलतात, असं बेकरीवाली म्हणाली. नवरा काहीच म्हणाला नाही. तो म्हणाला असता तर बरं झालं असतं, असं तिला भांडी पुसताना, केस विंचरताना, सतत वाटायचं. त्याच्या गप्प बसण्यात ती रोज काहीतरी ऐकायचा प्रयत्न करायची आणि तो बिचारा खरोखरच नुसता गप्प असायचा.

आत येऊ देत नाहीत म्हणून त्या आता बाहेर पायऱ्यांवर उभ्या राहायच्या, प्रार्थना सुरू झाल्यापासून संपेपर्यंत. चार-पाच जणी, चुकून "दे" म्हणालेला तो म्हातारा, आणि शेवटी शेवटी गुरुजी, ज्यांना साध्या शर्टात कोणी ओळखत नसे. एका पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, देवासाठी लढाई थांबवा. लोक शिव्या द्यायचे, काही जण तोंड फिरवून आत जायचे, एखादा जाताना हलकेच खांद्याला खांदा लावून जायचा. ते मुद्दाम होतं की गर्दीमुळे, सांगता यायचं नाही. तिची भीती कमी झाली नव्हती. लोक म्हणतात एकदा बोललं की भीती जाते. तिला वाटायचं, ते लोक कधी बोललेले नसावेत.

एका सकाळी एक बाई रस्ता ओलांडून सरळ तिच्याकडे आली. तिच्याच वयाची असेल. कोटाची बटणं चुकीच्या काजांत लावलेली. बेकरीवाली कानाशी कुजबुजली, "हिचा गेला गेल्या महिन्यात." ती बाई एक पायरी खाली उभी राहिली, त्यामुळे तिला मान वर करून बघावं लागत होतं.

"तूच ना ती?" बाई म्हणाली.

"हो. मीच."

"मग मला सांग. तुम्ही म्हणता थांबवा, थांबवता येतं, कोणी म्हटलं की थांबतं. मग माझा कशासाठी गेला?"

आवाज मोठा नव्हता. बेकरीवाली मध्ये पडू पाहत होती, गुरुजी काही बोलणार होते. पण प्रश्न त्यांना नव्हता. इतके दिवस तिने किती गोष्टींची भीती धरली होती. कोटवाला माणूस, फोन, दार. आणि हा प्रश्न तर तिच्या मनातही आला नव्हता. काहीतरी म्हणायला हवं होतं. शूर होता, असं. देवाला ठाऊक, असं. या दोन्ही गोष्टी सगळे त्या बाईला सांगून बसले असणार.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही गं."

बाईने तिचं मनगट पकडलं. तिला वाटलं आता खेचेल, पायऱ्यांवरून खाली ओढेल. बाईने ओढलं नाही. नुसतं धरलं, नखं रुतेपर्यंत, आणि आत "दे, दे" चाललेलं असताना ती तिच्या तोंडाकडे बघत राहिली. हात दुखत होता. तिने तो सोडवून घेतला नाही. प्रार्थना संपली, दारं उघडली, माणसं दोघींच्या दोन्ही बाजूंनी उतरून आपापल्या घरी गेली.

"नाव काय तुझ्या मुलाचं?" तिने विचारलं.

बाईचे ओठ हलले. पहिल्यांदा आवाज फुटला नाही. ती खाली वाकली, कान अगदी बाईच्या तोंडाशी नेला, आणि थांबली.